दोन पायऱ्या मागे

१

दुपारी साडेतीन ते सहा मी कोणाचाच नसतो. बेल वाजली तर उठतो, दाराच्या भिंगातून बघतो, दार न उघडता 'नको आहे' म्हणतो आणि जागेवर येऊन बसतो. बाहेर कुरिअरवाला आहे, वर्गणीवाले आहेत की सख्खा मेव्हणा, याने काही फरक पडत नाही. एकदा सांगूनही जो दुसऱ्यांदा बेल वाजवतो, त्याचं तर मला तोंडसुद्धा बघायचं नसतं. इमारतीत याबद्दल बरंच बोललं जातं. बोलोत बापडे.

खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेली वस्तू मोजायची, बरोबर असेल तर सही करायची, नसेल तर परत पाठवायची. माझ्या सहीखाली चुकीची वस्तू कधी बाहेर पडली नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. हल्ली सांगत नाही.

निवृत्तीनंतर लाकडी जहाज करायला घेतलं. सव्वातीन फूट लांब, तीन डोलकाठ्यांचं. सांगाडा आणि फळ्या यांत दोन वर्षं गेली. डोलकाठ्या आणि त्यांवर शीड बांधायच्या आडव्या काठ्या, ज्यांना कोकणात परबाण म्हणतात, त्या कसब्यातल्या हिंदुराव कातारीने कातून दिल्या. आता दोरकाम चाललं होतं. लोकांना वाटतं जहाज म्हणजे लाकूड. अहो, जहाज म्हणजे दोरा. एक दोर जरा जास्त ओढला की डोलकाठी तिकडे झुकते, ती झुकली की समोरचा दोर ढिला पडतो, तो ताणला की वरची परबाण तिरकी होते. संसार केलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम शिड्यांचं. खलाशांना वर चढता यावं म्हणून डोलकाठीच्या दोन्ही अंगांना दोरांच्या शिड्या असतात. एक पायरी म्हणजे एक आडवा दोरा, पाच उभ्या दोरांना पाच गाठी, वर पातळ फेविकॉलचा थेंब. माझी उजवी तर्जनी वाकत नाही. लहानपणी दारात सापडली, ती कायमची ताठ राहिली. ती तशीच पुढे ठेवून बाकीच्या बोटांत चिमटा धरायचा. त्यामुळे दिवसाला दोन पायऱ्या झाल्या तरी खूप. नकाशात मधल्या डोलकाठीला छत्तीस पायऱ्या होत्या. आमच्या इमारतीच्या जिन्यालाही छत्तीसच आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे. लिफ्ट नाही.

गेल्या दिवाळीत पूर्णिमा, म्हणजे माझी बायको, या जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी गॅलरीत याच टेबलाशी बसून फळीला पॉलिशपेपर मारत होतो. ती खालच्या वळणावर पंचवीस मिनिटं पडून मला हाका मारत होती आणि मला एकही ऐकू आली नाही. हे तिने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. आमच्या घरात बोलून न दाखवण्याएवढा मोठा मार दुसरा नाही.

ऑपरेशन झालं. घरात चालायला लागली, पण जिना म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे. उंबऱ्याशी जाऊन परत फिरायची. मग शेफाली नावाची फिजिओथेरपिस्ट यायला लागली. मुलगी हुशार, बोलायला फटकळ, म्हणजे आमच्याकडे चालण्यासारखी. तिने फ्रिजवर तक्ता लावला: तारीख, पायऱ्या, सोबत कोण, सही. दर नऊ पायऱ्यांवर जिन्याचं एक वळण आहे. पहिल्या आठवड्यात नऊ उतरायच्या, वळणावर स्टुलावर दहा मिनिटं बसायचं, नऊ चढायच्या. दुसऱ्या आठवड्यात अठरा. असं करत चौथ्या आठवड्यात पूर्ण छत्तीस.

"काका, उतरताना तुम्ही पुढे," शेफाली म्हणाली. "चढताना मागे, टू स्टेप्स खाली. आणि काकू, मागे वळून बघायचं नाही, वर-खाली बघायचं नाही. बॅलन्स जातो. आत्ता पडलात तर परत ऑपरेशन, आणि मग चालायचं विसरा."

तिने माझ्याकडे बघून ते पुन्हा एकदा म्हटलं. माणूस ओळखते ती.

२

पहिले तीन दिवस मी नियमाने गेलो. दोन पायऱ्या खाली, हात कठड्यावर, तोंडाने सूचना: पाय पूर्ण टेकव, घाई करू नकोस. मला त्यात काही वाटत नव्हतं असं नाही, पण डोक्यात गाठी होत्या.

चौथ्या दिवशी तिला खालच्या वळणावर स्टुलावर बसवलं आणि दहा मिनिटं आहेत तर एक गाठ मारून येऊ, म्हणून वर आलो. गाठ अर्ध्यावर सोडता येत नाही. सोडली तर आधीच्या चारही ढिल्या होतात. मी म्हटलं, ही झाली की निघू. ती झाली, तर फेविकॉल ओघळायला लागला. मान वर केली तेव्हा पूर्णिमाचं पाऊल घरात वाजलं. ती एकटीच चढून आली होती. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी गॅलरीतून हललोच नाही.

ती सरळ आतल्या खोलीत पलंगावर जाऊन आडवी झाली. दार उघडंच टाकलं होतं तिने, ते मी जाऊन लावलं. मग आतून आवाज आला, "आज बरे मुकाट्याने आलात मागून. रोज नुसत्या सूचना असतात. आज धीर वाटला."

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. एवढ्या काळात या घरात कोणी कोणाचं सरळ कौतुक केलेलं नाही. मी चहात साखर विसरलो तर 'वा, काय गोड झालाय' असं ऐकायची मला सवय आहे. मी उशिरा आलो तर 'आज लवकर सुटलात'. हे त्यातलंच एक, हे ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही. चूक माझीच होती, म्हणून मीही तसंच उत्तर दिलं. म्हटलं, रोज येईन की असाच, तिकीट लावणार नसशील तर. ती हसली. मला वाटलं, मिटलं.

मग फ्रिजपाशी जाऊन तक्ता भरला. पायऱ्या नऊ. सोबत: पती. खाली सही. रिकामा खण दिसला की भरायचा, ही जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण ती चांगली चढली होती. उलट एकटीने चढली तर धीटपणा येईल, असं मी स्वतःला पटवलं. रोज तिला उतरवायचं, स्टुलावर बसवायचं, "आलोच" म्हणून वर यायचं. रोज ती तिची ती चढून यायची, दार उघडं टाकून पलंगावर पडायची आणि एखादा टोमणा मारायची. मी दार लावायचो. तक्त्यात लिहायचो, सोबत: पती.

३

पहिला आठवडा संपला त्या शनिवारी दिवा जवळ ओढून शिडी तपासली, तेव्हा डाव्या अंगाच्या खालच्या पायऱ्या मधोमध खाली आलेल्या दिसल्या. फार नाही, अर्धा मिलीमीटर. नुसत्या डोळ्याला कळणारही नाही, पण माझं आयुष्य अर्ध्या मिलीमीटरवर गेलंय. उजव्या अंगाची शिडी तारेसारखी सरळ. डावीकडच्याही वरच्या पायऱ्या सरळ. झोळ फक्त खालच्या नऊंना.

दमटपणाने दोरा सैल पडतो. पण पुण्यात मार्चमध्ये दमटपणा आणायचा कुठून? अंगाला तेल चोळून अर्ध्या तासात कोरडं होतं. दोरा तोच, मेण तेच, गाठी माझ्याच. म्हटलं, त्या आठवड्यात हात सैल पडला असेल. नऊच्या नऊ पायऱ्या कापल्या आणि पाच दिवस खपून नव्या बांधल्या. फट मोजायच्या पट्ट्यांच्या गेजने मोजल्या. सरळ.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्या पुन्हा खाली होत्या. आणि आता नऊ नव्हत्या, अठरा होत्या.

रविवारी हिंदुराव एक परबाण बदलून द्यायला आला. त्याच्याकडे चार पिढ्यांचं कातकाम आहे. शिकलेला नाही, पण लाकूड आणि दोरा यांबद्दल तो बोलला की मी ऐकून घेतो. त्याला काही न सांगता भिंग हातात दिलं. बराच वेळ बघत राहिला.

"जयसिंगराव, हा ढिला नाही पडलेला," तो म्हणाला. "ढिला पडला तर गाठीपाशी सुटतो. ह्या गाठी पक्क्या आहेत. हा मधे वापरलाय. माळ्यावरच्या जुन्या शिडीला येतो ना बाक, पाय पडून पडून, तसा."

मी म्हटलं, इथे चढणार कोण, मुंग्या? त्यावर तो हसला, चहा मागितला, आणि जाईपर्यंत पुन्हा जहाजाकडे काही बघितलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी पूर्णिमा सत्तावीस चढली. मी तक्त्यात आकडा लिहिला आणि पेन हातात तसंच राहिलं. गॅलरीत गेलो. मोजल्या. सत्तावीस. पुन्हा मोजल्या, खालून वर आणि वरून खाली. मोजण्यात माझी चूक होत नाही. तेव्हा व्हावी असं मला फार वाटत होतं.

४

दोन गोष्टींचे आकडे जुळले म्हणून त्यांचा संबंध असतो असं नाही. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. म्हणून मी घाबरलो नाही. भिंग बदललं, जास्त मोठं घेतलं आणि एकेक पायरी सावकाश बघितली.

प्रत्येक पायरीला एक नाही, दोन झोळ होते. एक उथळ, डावीकडे. दुसरा त्याच्या शेजारी, जरा खोल, जड माणसाचा पाय पडावा तसा. पहिल्या पायरीला दोन, दुसरीला दोन, दहावीला दोन, विसावीला दोन. असं पंचविसावीपर्यंत. सव्विसावी आणि सत्ताविसावी, या दोघींना मात्र एकच होता. उथळ.

म्हणजे दुसरा जो कोणी होता तो दोन पायऱ्या मागे होता.

मी दिवा बंद केला. आत पूर्णिमा रेडिओ ऐकत होती. थोड्या वेळाने मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, जिन्यात मी काही बोलतो का गं?

"कुठे काय. मी बोलते, तुम्ही नुसतं हं, हं." ती पायाखाली उशी सरकवत होती. "पण पाऊल ऐकू येतं ना तुमचं. डावी चप्पल घासता."

मग तिने रेडिओ बंद केला. आमच्याकडे बातम्या चालू असताना रेडिओ बंद होत नाही.

"एकदा सांगायचं होतं तुम्हाला. दिवाळीत मी तिथे पडले होते ना, तेव्हापासून मनात बसलं होतं की या जिन्यात मला काही झालं तर कोणी येणार नाही. आता तसं वाटत नाही. तुम्ही मागे असता म्हणून मी चढते."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला. ओठाच्या कोपऱ्यात, डोळ्यांत, जिथे जिथे तो असतो तिथे सगळीकडे शोधला. आणि मग मागचे पंधरा-सोळा दिवस तिने म्हटलेलं एकेक वाक्य मला आठवायला लागलं. एकातही नव्हता. ती रोज माझे आभार मानत होती आणि मी रोज तिला खवचट उत्तर देत होतो.

खूप लाज वाटली. भीती नंतर वाटली, आधी लाज.

तिला खरं सांगावं, तर ती पुन्हा जिन्याला पाय लावणार नाही. उंबऱ्यापासून परत फिरेल आणि या दोन खोल्यांतच म्हातारी होईल. न सांगावं, तर सोमवारी ती खालून उठेल आणि तिच्या मागे दोन पायऱ्यांवर ते असेल. जिन्यात आवाज घुमतो, तिला आपल्याच पावलांचा भास होत असेल, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग दोऱ्याला भास कसा होतो?

शेवटी एकच सरळ मार्ग दिसला. चौथ्या आठवड्यात छत्तीस होत्या. आपण जायचं. जी जागा आपली म्हणून सही केली आहे, तिथे आपण उभं राहायचं. जागा रिकामी नसेल तर दुसरं कोणी तिथे येणार कसं?

५

सोमवारी साडेचारला आम्ही निघालो. मी पुढे, ती मागे, सगळ्या छत्तीस उतरलो. खाली विजेच्या मीटरांपाशी तिला स्टुलावर बसवलं आणि मी समोर उभा राहिलो. तिने विचारलं, आज वर नाही जायचं? जहाज वाट बघत असेल. म्हटलं, बघू दे. पस्तीस पायऱ्या झाल्यात, एक राहिलीय, ती कुठे पळून जात नाही. ती खुश झाली होती, दिसत होतं.

मग म्हणाली, पाण्याची बाटली वर राहिली, घसा कोरडा पडलाय.

मी म्हटलं, दोन मिनिटांत आलो. मी आल्याशिवाय उठायचं नाही. तिने मान डोलावली.

वर आलो. सवयीने चप्पल दाराबाहेर काढली. बाटली भरली. वळताना गॅलरीत नजर गेली. ऊन जहाजावर आडवं पडलं होतं आणि सगळे दोर स्वच्छ दिसत होते. डाव्या शिडीची सगळ्यात खालची पायरी वाकली. वारा नव्हता, कोणाचा हात नव्हता. ती वाकली आणि सरळ झाली. मग दुसरी. मग तिसरी वाकली, आणि तिच्याबरोबर पहिली पुन्हा वाकली.

मी बाटली घेऊन तसाच अनवाणी बाहेर धावलो. दार उघडं टाकलं. वरच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं. आमच्या जिन्याच्या मधे हातभर रुंदीची फट आहे, तिच्यातून खालपर्यंत कठडा दिसतो. पूर्णिमाचा हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा, सावकाश वर सरकणारा. तिच्या हातामागे दोन पायऱ्या सोडून कठड्यावर दुसरा हात होता. उजवा. चार बोटांनी कठडा धरला होता आणि तर्जनी सरळ पुढे निघालेली होती.

माझ्या हातात बाटली होती. तिच्यावर माझी तर्जनी तशीच, सरळ.

पूर्णिमा बोलत होती. पुढच्या महिन्यात आपण तुळशीबागेत जाऊ, म्हणत होती, चालत. मागून कोणीतरी "हं" म्हणालं.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी वरून हाक मारली असती तर तिने वर बघितलं असतं. तिचा नवरा वर आहे, मग मागे कोण, हे तिला भर जिन्यात कळलं असतं. शेफालीचं वाक्य डोक्यात स्पष्ट वाजत होतं. परत ऑपरेशन, आणि मग चालायचं विसरा. मी गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्या चढलो, वळणापलीकडे जाऊन भिंतीला चिकटून बसलो आणि खरं सांगायचं तर डोळे मिटून घेतले.

दोघं वर आली. आधी तिचा श्वास, दमलेला पण समाधानी. मागे एक जड पाऊल, डावी चप्पल घासणारं. ती मोठ्याने मोजत होती. चौतीस, पस्तीस, छत्तीस. "झाल्या हो," ती म्हणाली. आणि आत गेली. रोज ते दोन पायऱ्या खालीच थांबायचं, हे मला माहीत होतं. मी दोन पावलं मोजली. ती वाजली. तिसरंही वाजलं.

"दार लावून घ्या," आतून पूर्णिमा म्हणाली.

दार लागलं. लॅच आतून पडला.

बराच वेळ मी तिथेच बसलो. मग खाली आलो. दाराबाहेर माझी चप्पल नव्हती. किल्ली आत खुंटीवर होती. दाराला कान लावला. पलंग करकरला, रेडिओ सुरू झाला. गॅलरीतली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कात्रीची एक बारीक कट्. छत्तिसावी पायरी राहिली होती.

पूर्णिमा काहीतरी बोलली. आतून कोणीतरी सरळ, नीट उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत, पण त्यात टोमणा नव्हता. ती हसली. इतक्या मोकळेपणाने ती हसलेली मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी बेल वाजवली.

"अहो, बघा हो जरा, कोण आलंय," पूर्णिमा म्हणाली.

खुर्ची मागे सरकली. पावलं सावकाश दारापर्यंत आली. भिंगातला उजेड गेला. समोर मी होतो, अनवाणी, हातात पाण्याची बाटली. आतला माणूस मला नीट बघत होता. मी असतो तर तेवढाच वेळ बघितलं असतं.

"नको आहे," तो म्हणाला.

पावलं गॅलरीकडे परत गेली. घड्याळात पावणेसहा झाले होते. माझा हात बेलपर्यंत गेला होता, तो मी खाली घेतला. दुसऱ्यांदा बेल वाजवलेली त्याला आवडणार नाही.